हरणाऱ्या संघाचा कर्णधार

रग्बीत आठ क्रमांकाची जर्सी घालणाऱ्याने ड्रॉप गोलच्या वाटेला जायचे नसते. त्याचे काम अंगमेहनतीचे: धडका द्यायच्या, प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडायचे, चेंडू छातीशी धरून गर्दीत शिरायचे. चालू खेळात चेंडू जमिनीवर टप्पा घेताक्षणी लाथ मारून तो उंच खांबांच्या मधून घालवणे ही दहा क्रमांकाच्या खेळाडूची कारागिरी. 6 फेब्रुवारी 2016 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स 23, इटली 21 असा गुणफलक होता आणि सामना संपत आला होता. अशा वेळी चेंडू इटलीचा कर्णधार, आठ क्रमांकाचा सेर्जिओ पारिसे याच्या हाती आला आणि त्याने स्वतःच ड्रॉप गोल मारला. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. इटली दोन गुणांनी हरली. दुसऱ्या दिवशी जो तो विचारत होता, या माणसाला ही दुर्बुद्धी सुचली कशी? आमच्या मते प्रश्न थोडा वेगळा आहे. संघात दहा क्रमांकाचा खेळाडू असताना शेवटचा घाव कर्णधाराला आपणच घालावासा का वाटला? चौदा वर्षे हरणाऱ्या संघात खेळलेल्या माणसाचे उत्तर त्या लाथेत आहे.

पारिसे 2002 ते 2019 या काळात इटलीकडून 142 आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पाच विश्वचषक खेळला. नव्वदहून अधिक सामन्यांत तो कर्णधार होता. 2008 आणि 2013 अशी दोन वर्षे जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या नामांकनात त्याचे नाव होते. आणि या 142 सामन्यांपैकी शंभरहून अधिक सामने इटली हरली. जगात एवढे पराभव अंगावर घेतलेला आणि तरीही प्रतिस्पर्धी कर्णधारांनी ज्याच्याविषयी आदराने बोलावे असा दुसरा रग्बीपटू शोधावा लागेल.

जिंतूर तालुक्यातल्या येलदरीत रग्बी खेळली जात नाही. पूर्णा नदीवर 1968 साली पूर्ण झालेले धरण, त्याच्या पायथ्याचे वीजघर, मासे आणि कॅम्पातल्या जुन्या वसाहती यांसाठी हे गाव ओळखले जाते. पण पहाटे त्या बाजूच्या कोणत्याही रस्त्याला लागा, पळणारी पोरे दिसतील. त्यांच्या डोळ्यांपुढे पदक नसते, पोलीस भरतीतले 1600 मीटर असतात. मुली 800 मीटरसाठी पळतात. शंभर मीटर आणि गोळाफेकीचा सराव शाळेच्या मैदानावर होतो. यातली बरीच पोरे दहावी-बारावीपर्यंत कबड्डी, खो-खो किंवा कुस्ती खेळलेली असतात आणि पुढे ते सुटलेले असते. भरती झाली तर खेळ संपतो, नाही झाली तर वय निघून जाते. खेळाडूची कारकीर्द म्हणजे काय हा प्रश्न अशा गावात फार व्यावहारिक आहे, आणि त्यासाठी पारिसेच्या आयुष्याकडे पाहण्यात अर्थ आहे. त्याचे मोठेपण समजले की ते उभे कशावर होते हेही दिसते, आणि आपल्याकडे नेमके तेच नाही.

खेळाची तोंडओळख आवश्यक तेवढी. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटे. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही, फक्त मागे किंवा आडवा. पुढे न्यायचा तर धावत किंवा लाथेने. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण, त्याला ट्राय म्हणतात. त्यानंतरच्या यशस्वी लाथेचे दोन, दंडाच्या लाथेचे तीन, ड्रॉप गोलचे तीन. खेळ थांबला की काही वेळा दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी कबड्डीतल्या साखळीसारखे एकमेकांना घट्ट धरून समोरासमोर भिडतात आणि रेटारेटी करतात. तो स्क्रम. आठ क्रमांकाचा खेळाडू त्या जुळणीच्या अगदी मागे असतो. पुढच्यांचा रेटा त्याने सांभाळायचा, मागे सरकत आलेला चेंडू पायाशी राखायचा आणि उचलून पुढे घुसायचे की मागे द्यायचा याचा निर्णय क्षणात घ्यायचा. रेटा कमी पडला तर सगळ्यांत आधी त्याची फजिती होते. दुबळ्या संघात ही जागा सांभाळणे म्हणजे घसरत्या कड्यावर उभे राहून नेमके काम करत राहणे. पारिसेचे हात मात्र एखाद्या चपळ पाठच्या खेळाडूसारखे होते. धिप्पाड देह असूनही तो एका हाताने, न पाहता, मागच्याला चेंडू देई. ही कला त्याला इटलीत मिळालेली नव्हती.

तो जन्मला अर्जेंटिनात, ला प्लाता शहरात, 12 सप्टेंबर 1983 रोजी. वडील मूळचे इटलीच्या आब्रुझ्झो प्रांतातल्या ला'क्विला या डोंगरी गावचे. तेही रग्बीपटू, ला'क्विलाच्या क्लबने 1967 साली देशाचे अजिंक्यपद जिंकले त्या संघात ते होते. पुढे विमान कंपनीतल्या नोकरीने ते अर्जेंटिनाला गेले. ला प्लातात मुलगा विद्यापीठाच्या क्लबमध्ये खेळू लागला आणि सुट्टीत इटलीला आला की वडिलांच्या गावी जाई. (मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. आब्रुझ्झोत सांग्रो नदीकाठी 1943 च्या लढाईत मेलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना 1944 आणि 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीच्याच भूमीवर.) त्याच ला'क्विलाला 6 एप्रिल 2009 च्या पहाटे भूकंपाने गाठले. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत क्लबचा एक तरुण खेळाडूही होता, आणि ढिगारे उपसायला जे पहिले हात पुढे आले त्यांत रग्बीच्या पोरांचे हात होते. किल्लारीचा सप्टेंबर 1993 आठवणाऱ्या मराठवाड्याला, संकटाच्या वेळी गावात आधीपासून एकत्र राबायची सवय असलेली तरुण मंडळी असणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

इटलीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक तेव्हा न्यूझीलंडचा जॉन कर्वन होता. त्याने अठरा वर्षांच्या या मुलाला हेरले आणि 8 जून 2002 रोजी थेट हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडसमोर उतरवले. इटली 64-10 अशी हरली. पहिल्याच दिवशी चोपन्न गुणांनी मार खाणे ही कारकिर्दीची सुरुवात म्हणून वाईटच. आपल्याकडे अशा पोराला पुन्हा संधी मिळाली असती का, याची आम्हाला शंका आहे. इटलीत मिळाली. याचे कारण इटालियन लोक आपल्याहून उदार आहेत असे मुळीच नाही. त्यांना आपण हरणार हे ठाऊक होते, त्यामुळे निकालावरून खेळाडूची किंमत ठरवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

हरण्याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्स यांच्या जुन्या वार्षिक स्पर्धेत इटलीला 2000 साली सहावा देश म्हणून प्रवेश मिळाला. पहिल्याच सामन्यात तिने रोममध्ये स्कॉटलंडला 34-20 असे हरवले, आणि त्या विजयाचा शिल्पकार दिएगो दोमिंगेझ हाही अर्जेंटिनात जन्मलेला होता. त्यानंतर मात्र हिशेब उलटा फिरला. इटलीत फुटबॉल सगळे खाऊन टाकतो. रग्बी आहे ती मुख्यतः ईशान्येच्या व्हेनेतो भागात, पार्मा-ब्रेशाच्या शेतीपट्ट्यात, रोम आणि ला'क्विलात. व्यावसायिक खेळाडूंची संख्या तोकडी. फ्रान्सकडे प्रत्येक जागेसाठी डझनभर उमेदवार असताना इटलीकडे एखादा जखमी झाला की त्याच्या मागे दुसरा तोलामोलाचा नाही. पहिली साठ मिनिटे बरोबरीने खेळायचे आणि शेवटच्या वीस मिनिटांत राखीव खेळाडूंच्या ताकदीत मागे पडायचे, हा इटलीचा ठरलेला शिरस्ता होता. त्यातही 2007 मध्ये एडिंबरोत स्कॉटलंडवर 37-17, 2011 मध्ये रोममध्ये फ्रान्सवर 22-21, 2013 मध्ये फ्रान्स आणि आयर्लंड या दोघांवर मात, 2016 मध्ये फ्लॉरेन्समध्ये दक्षिण आफ्रिकेवर 20-18 असा इतिहासातला पहिला विजय: पारिसेच्या वाट्याला आलेले आनंदाचे दिवस बोटांवर मोजता येतात. बाकी बहुतेक वर्षे शेवटच्या स्थानाची.

तरीही लोक येत. 14 नोव्हेंबर 2009 रोजी मिलानच्या सान सिरो या फुटबॉलच्या मंदिरात न्यूझीलंडविरुद्धचा सामना पाहायला ऐंशी हजार माणसे जमली. इटली 20-6 हरली. पण सामन्याच्या शेवटी न्यूझीलंडच्या रेषेजवळ एकामागून एक स्क्रम झाले आणि प्रत्येक वेळी इटलीच्या आठ जणांनी जगज्जेत्या घराण्याला मागे रेटले. ट्राय झाला नाही. तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पराभव पाहायला ऐंशी हजार माणसे येतात हे ऐकून आपल्या संघटकांनी थोडे थांबून विचार करायला हवा. आपल्याकडे जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आपले गाव नसेल तर माणसे खुर्च्या सोडून जातात.

आता पोटाचा प्रश्न. पारिसेला जगवले कोणी? सुरुवातीला त्रेव्हिझोच्या क्लबने. त्यामागे बेनेटन या कपड्यांच्या उद्योगाचा पैसा होता. 2005 साली तो पॅरिसच्या स्टाद फ्रान्से क्लबात गेला आणि तिथे चौदा वर्षे राहिला. त्या क्लबचा मालक माक्स ग्वाझिनी नभोवाणीच्या धंद्यातला. त्याने धिप्पाड खेळाडूंना गुलाबी जर्सी घातल्या, खेळाडूंच्या छायाचित्रांची दिनदर्शिका काढली, जुन्या लोकांनी नाके मुरडली आणि मैदाने भरली. 2007 आणि 2015 मध्ये पारिसे या क्लबकडून फ्रान्सचा विजेता झाला. पुढची चार वर्षे तो तुलोंकडून खेळला आणि 2023 च्या मे महिन्यात युरोपातला चॅलेंज चषक जिंकून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, थांबला. त्यानंतर त्याच क्लबात प्रशिक्षकाच्या भूमिकेत गेला. म्हणजे घडवले अर्जेंटिनाच्या क्लबने, जर्सी दिली इटलीने, पगार दिला फ्रान्सने. इटलीचा आदर्श ठेवा असे आम्ही म्हणणार असू, तर एवढा कबुलीजबाब आधी दिला पाहिजे: इटलीचा सर्वांत मोठा खेळाडू निम्माशिम्मा दुसऱ्यांच्या खर्चाने तयार झाला होता.

त्याच्या कारकिर्दीतला आमच्या आवडीचा सामना हरलेलाच आहे. 26 फेब्रुवारी 2017, लंडनमधले ट्विकेनहॅम. इंग्लंड तेव्हा सलग जिंकत सुटले होते आणि इटली किती गुणांनी हरणार एवढीच चर्चा होती. प्रशिक्षक कॉनर ओ'शे आणि त्याचा सहकारी ब्रेंडन व्हेंटर यांनी नियमांच्या पुस्तकात एक फट हेरली. चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवे पाडले की साधारणपणे दोन्ही बाजूचे गडी त्या चेंडूवर वाकून एकमेकांना रेटतात. त्याला रक म्हणतात. रक झाला की ऑफसाइडची रेषा लागू होते आणि बचाव करणाऱ्यांना आपापल्या माणसांच्या मागे उभे राहावे लागते. पण तेव्हाच्या नियमानुसार रक व्हायला दोन्ही बाजूंचा निदान एकेक गडी हवा होता. इटलीने एवढेच केले की पाडल्यानंतर आपला गडी पुढे घालायचाच नाही. रक नाही, म्हणून रेषा नाही. मग इटालियन गडी सरळ चालत जाऊन इंग्लंडच्या चेंडू देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये उभे राहू लागले. इंग्लंडचे कसलेले खेळाडू भांबावले. त्यांच्यापैकी एकाने पंच रोमँ प्वाट यांना विचारले, आता आम्ही करायचे तरी काय? आपण पंच आहोत, प्रशिक्षक नाही, असे त्यांनी त्याला ऐकवले. मध्यंतराला इटली 10-5 ने पुढे होती. नंतर इंग्लंडला वाट सापडली आणि सामना त्यांनी 36-15 असा जिंकला. इंग्लंडचा प्रशिक्षक एडी जोन्स मात्र हे रग्बीच नव्हे म्हणून चिडला. काही महिन्यांत नियम बदलला गेला. एका हरलेल्या संघाने खेळाचे पुस्तक बदलायला लावले. या डावाला मैदानावर जो शांतपणा लागतो तो पारिसेचा होता. साध्या पद्धतीने खेळून चाळीस गुणांनी हरणे सोपे होते. वेगळे काही करून हरलो तर हसे होईल ही भीती त्याने संघाला बाधू दिली नाही.

आता जरा व्हेनेतोकडे वळू, कारण खरी शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे. पो आणि आदिजे या नद्यांच्या मधला पोलेझिने हा सखल, गरीब शेतीचा भाग; बीट, मका आणि दलदल. त्यातले मुख्य गाव रोव्हिगो, लोकसंख्या आजही जेमतेम पन्नास हजार. 1935 मध्ये पादुआत शिकायला गेलेला दाव्हिदे लान्झोनी नावाचा विद्यार्थी हा खेळ गावी घेऊन आला. आला तसा तो टिकला. नोव्हेंबर 1951 मध्ये पो नदीने बांध फोडले, अख्खा पोलेझिने पाण्याखाली गेला, लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली आणि त्यातले कित्येक परतलेच नाहीत. त्याच सुमारास, 1951 ते 1954 अशी सलग चार वर्षे रोव्हिगो देशाचे विजेते होते. मारिओ बात्ताल्यिनी हा त्यांचा तेव्हाचा मोठा खेळाडू. गावचे मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. पुढे दक्षिण आफ्रिकेचा नामांकित नास बोथासुद्धा इथे येऊन अनेक हंगाम खेळून गेला. 2016, 2021 आणि 2023 मध्ये या गावाने पुन्हा देशाचे विजेतेपद घेतले. तेवढ्या वर्षांत गावातली कारखानदारी बदलली, पिके बदलली, तरुण बाहेर गेले. क्लब राहिला. त्यात आठ वर्षांची पोरे खेळतात, तिशीतले गवंडी आणि मास्तर खेळतात, पन्नाशीतले लोक रेषा आखतात आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र बसून जेवतात. पूर्णेच्या धरणाने ज्यांच्या जमिनी घेतल्या आणि ज्यांना पाणी दिले अशा दोन्ही गावांना नदीकाठच्या माणसाच्या चिवटपणाचे कौतुक वेगळे सांगायला नको. प्रश्न एवढाच की त्या चिवटपणाला एक मैदान आणि एक ठरलेला रविवार मिळतो का.

आपल्याकडची व्यवस्था प्रमाणपत्राची आहे. शालेय स्पर्धेत ठरावीक पातळी गाठली की दहावी-बारावीला सवलतीचे गुण. पुढे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर स्थान मिळाले तर शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. दोन्ही योजनांचा हेतू चांगला आहे आणि त्यांनी अनेक घरांत चूल पेटवली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून खेळाला एक शेवटची तारीख मिळाली. प्रमाणपत्र हाती आले की मैदानावर जायचे कारण संपते. त्याहून वाईट म्हणजे हरणाऱ्याला या हिशेबात जागाच नाही. उपांत्यपूर्व फेरीत बाद झालेल्या तालुक्याच्या संघातला सर्वोत्तम बचावपटू कोण होता, हे त्याच्या गावातही कोणी सांगू शकत नाही. बनावट प्रमाणपत्रांचा बाजार याच हिशेबातून उभा राहिला, कारण कागदालाच किंमत होती.

जे टिकले ते कशामुळे, हेही पाहू. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे धावू लागला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याला सैन्याने धरून ठेवले. परभणीच्या ज्योती गवतेने 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. मराठवाड्यात राहून लांब पल्ल्याची धावपटू होणे म्हणजे काय, हे तिच्या वाटचालीवरून कळते. कबड्डीला 2014 नंतर प्रो कबड्डीने लिलावाचा पैसा आणला, तो मूठभरांना मिळाला. आणि भारतातली रग्बी? खेळ तसा जुना. कोलकात्यात 1872 साली सामना झाला, तिथला क्लब मोडताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून जो चषक केला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून दरवर्षी झुंजतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ पिढ्यान्पिढ्या खेळला गेला. तरी भारताचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला तो 1998 मध्ये. जून 2019 मध्ये मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला 21-19 असे हरवून पंधरा जणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि निर्णायक लाथ मारली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकने. ती भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतून आलेली. सैन्य असो की निवासी शाळा, जेवणाची आणि उद्याच्या सरावाची खात्री देणारे कोणीतरी लागते. गावातल्या क्लबने ही खात्री द्यावी ही अपेक्षा अवाजवी आहे. पण दर आठवड्याच्या सामन्याची खात्री तो देऊ शकतो, आणि सोळाव्या वर्षी खेळ सोडणाऱ्या बहुतेकांना तेवढीच हवी असते.

पारिसेच्या गौरवात एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. इटलीच्या महासंघाने दोन दशके अशा बाहेर घडलेल्या खेळाडूंवर भागवले आणि घरचे कारखाने उशिरा सुरू केले. तो होता म्हणून कमजोरी झाकली गेली, असे म्हणणारे इटलीतच आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 2015 नंतर सहा देशांच्या स्पर्धेत इटली ओळीने 36 सामने हरली. त्यांतल्या कित्येक सामन्यांत पारिसे होता. ही माळ तुटली 19 मार्च 2022 रोजी कार्डिफमध्ये. शेवटच्या मिनिटाला छोटेखानी अँज कापुओझोने चेंडू घेऊन मुसंडी मारली, पादोव्हानीने ट्राय केला, गार्बिझीने लाथ बसवली आणि वेल्स 22-21 असे हरले. 2024 मध्ये स्कॉटलंड आणि वेल्सवर विजय आणि फ्रान्सशी बरोबरी अशी इटलीची तोवरची सर्वांत चांगली कामगिरी झाली. या संघातला कर्णधार लामारो रोमचा, गार्बिझी व्हेनेतोतला. वीस वर्षांखालील संघांवर आणि त्रेव्हिझो-पार्मा इथल्या दोन व्यावसायिक क्लबांवर केलेला खर्च उशिरा का होईना फळाला आला. एका थोर खेळाडूने संघ सुधारत नाही, हे यावरून दिसते. पण तो नसता तर मधली अठरा वर्षे लोक मैदानावर आले असते का, आणि लोक आले नसते तर हा खर्च कोणी केला असता का? आम्हाला वाटते, नाही.

आणि त्याला निरोपही मिळाला नाही. 2019 च्या विश्वचषकात 12 ऑक्टोबरला जपानमधल्या तोयोतात न्यूझीलंडविरुद्ध त्याचा शेवटचा सामना ठरला होता. हागिबिस वादळामुळे तो रद्द झाला, कागदावर 0-0 अशी बरोबरी मांडली गेली. गुणांची गरज न्यूझीलंडला असती तर सामना रद्द झाला नसता, असे तो रागाने बोलला, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवणे अवघड आहे. पुढे मार्च 2020 मध्ये रोममध्ये इंग्लंडविरुद्ध त्याला मैदानावर निरोप द्यायचे ठरले होते; करोनाने तो सामना पुढे गेला आणि झाला तेव्हा प्रेक्षागृहे रिकामी होती, संघात तो नव्हता. ज्या देशासाठी 142 सामने खेळला त्या देशाच्या जर्सीत शेवटच्या टाळ्या त्याने ऐकल्याच नाहीत.

जिंतूर तालुक्यात यातले काय करता येईल? रग्बी आणा असा आमचा आग्रह नाही. कबड्डी पुरे आहे, व्हॉलीबॉलही चालेल. एक वार्षिक साखळी स्पर्धा हवी, बाद पद्धतीची नव्हे. बाद पद्धतीत निम्मे संघ पहिल्याच दिवशी घरी जातात. साखळीत हरणाऱ्यालाही पुढच्या रविवारी सामना असतो. वयाची वरची अट नको. बक्षिसाची रक्कम कमी ठेवून तो पैसा पंचांच्या मानधनाला आणि प्रवासाला घालावा. गावोगावी लोकप्रतिनिधींच्या निधीतून उभारलेल्या ओपन जिमची यंत्रे गंजत आहेत, त्यातल्या एकाच्या खर्चात अशा स्पर्धेची दोन वर्षे निघतील असा आमचा अंदाज आहे. अडचण आहे ती हंगामाची. दिवाळीनंतर स्पर्धा घेतली तर ऊसतोडणीला गेलेली पोरे गावात नसतात. ती परततात तेव्हा चैत्र-वैशाखाचे ऊन असते, आणि मृग लागला की पेरणी. म्हणजे उरतात अक्षय्य तृतीयेपासूनचे पाच-सहा आठवडे, आणि खेळायचे ते रात्री, दिव्यांखाली. आपल्या भागात कबड्डीचे सामने रात्री होतातच, तेव्हा त्यात नवे काही नाही. दिव्यांच्या बिलाचे मात्र आधी ठरवावे लागेल. येलदरीच्या वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट आहे. चार हॅलोजनसाठी ग्रामपंचायतीने, शाळेने आणि तालुका क्रीडा संकुलाने एकमेकांकडे बोट दाखवण्याआधी मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही.